मेणातली काडी

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मेण गाळलं. आमच्या दोघांचं मिळून शेवटचं काम ते. कुठं गेलो, भांडलो, मनातलं काही बोललो, असं काही नाही. मेण गाळलं.

मेण गाळणं एकट्याचं काम नाही. मधमाशीचं मेण आमच्याकडं ढेकळानं येतं. पोळी काढणारे लोक मध पिळून विकतात आणि मागं राहिलेलं मेण गोणीत घालून आणून टाकतात. त्यात माशांचे पाय असतात, पंख असतात, सुतळीचे धागे, झाडाची साल, काड्या, सगळं असतं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून ते वितळवायचं आणि जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यातनं गाळायचं. लुगड्याची दोन टोकं माझ्या दोन हातांत. बाकीची दोन टोकं महादेवीच्या एका मुठीत, आणि मोकळ्या हातानं ती पळीनं मेण ओतायची. महादेवी म्हणजे आमच्या घरची.

खालच्या भांड्यात बघून ती म्हणली, “काडी ऱ्हायलीय बघा त्यात.”

“ऱ्हाऊ दे. रंगाच्या बुडाला कोण बघायलंय?”

“बघणाऱ्याला दिसतंय,” म्हणली आणि गरम मेणात दोन बोटं घालून काडी काढली. तिच्या बोटांना चटका लागत नव्हता. लागत असेल तर मला कधी सांगितलं नाही. मग लुगड्याचा तुकडा पिळला, वाळत घातला, चहा केला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही.

उदगीरच्या एका दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं होतं, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहून द्या, लोकांना असलं वाचायला आवडतं. माझी शाळा चौथीपर्यंत. जन्मभर अक्षरं छापली, लिहिली नाहीत. शुद्धलेखन त्यांनी बघावं. एवढं मात्र आधीच सांगतो, की ह्यात अभिमानाचं थोडं आणि लाजेचं जास्त आहे. चालत असेल तर छापा.

भालकीत माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. लग्नपत्रिका, कापड दुकानाच्या पिशव्या, मोटारसायकलीवरचे स्टिकर, जत्रेचे कापडी फलक, हे काम. मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही छापायचो. उर्दू मला वाचता येत नाही, पण अक्षर कुठं तुटलं ते डोळ्याला कळतं. रस्त्यानं चाललो तरी दुकानाच्या पाट्याच बघत जायचो. कोणाचा काना वाकडा आहे, कोणाची वेलांटी ढोपरापर्यंत आली आहे. माणसापेक्षा पाटी आधी दिसायची. हे का सांगतोय ते पुढं कळंल.

मग मशीनवरचे फ्लेक्स आले आणि फलकाचं काम गेलं. फोन आले आणि लोक लग्नाचं आमंत्रण फोनवरच धाडायला लागले. दुकानात माशा मारायची वेळ आली. अशात बिदरच्या एक चित्रकलेच्या मॅडम फ्रेमा बनवून घ्यायला आल्या. त्या मेणात चित्रं काढायच्या. त्याचं काहीतरी इंग्रजी नाव त्यांनी सांगितलं, ते आमच्या तोंडात बसलं नाही. आम्ही मेणचित्र म्हणलो. मॅडमला फोटो स्क्रीननं छापून मेणात बसवायचा होता, त्यासाठी मी पाहिजे होतो. मेण कसं करायचं ते त्यांनी दाखवलं. मी बघितलं आणि महादेवी शिकली.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. मेणात राळ घालायची. नुसतं मेण मऊ राहतं, नख लागलं तरी वण उठतो. राळ घातली की कडक होतं आणि चकाकतं. किती घालायची ते महादेवी मेणाचा तुकडा मोडून, त्याचा आवाज ऐकून ठरवायची. पोळ्या भाजायचा सपाट तवा मंद आचेवर ठेवायचा, त्यावर स्टीलच्या वाट्या मांडायच्या, एका वाटीत एक रंग. ब्रशनं उचलून प्लायवूडच्या फळीवर थर द्यायचा. तव्यावरनं फळीपर्यंत येईस्तवर मेण गोठायला लागतं, म्हणून हात चालवावा लागतो. एक थर झाला की त्यावर यंत्रानं गरम वारा मारायचा, म्हणजे वरचा थर खालच्याला धरतो. आळस केला तर पुढं कांद्याच्या टरफलासारखा सुटून येतो. असे थरावर थर. मेणातनं खालचं थोडं थोडं दिसत राहतं, विहिरीत पडलेला पोहरा दिसावा तसं.

मॅडमची चित्रं मोठ्या गावाला जायची. आमच्याकडं मात्र लोक आले ते मेलेल्यांचे फोटो घेऊन. पहिलं आम्ही माझ्या आईचं केलं होतं आणि दुकानात लावलं होतं. ते बघून एकानं बापाचं करून मागितलं, त्याचं बघून दुसऱ्यानं. मग रीतच पडली. तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला मेणचित्र. फोटो छापून मेणात बसवायचा आणि भोवती त्या माणसाची एखादी वस्तू मेणातच गाडायची. लुगड्याचा तुकडा, फेट्याची किनार, जपाच्या माळेचे मणी, पानाच्या चंचीची चामडी. वर मेणाचा पातळ थर दिला की ती वस्तू आत बसते आणि कायमची राहते.

वस्तू आणताना लोक चुकायचे. भालकीजवळच्या एका उसवाल्याची मुलं बापासाठी कोरा करकरीत फेटा घेऊन आली, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती. मी म्हणलो, “हे दुकानदाराचं हाय. बापाचं काय हाय ते आणा.” रागानं गेली. चार दिवसांनी थोरला एकटा आला आणि खिशातनं बापाचा चुन्याचा डबा काढला. त्याच्या झाकणावर अंगठ्यानं घासून घासून खड्डा पडला होता. ते चित्र चांगलं झालं.

हुलसूरच्या दोघी बहिणी आल्या. आईचं एकच लुगडं उरलेलं, आणि पदर दोघींना पाहिजे. धाकटी म्हणाली मी सांभाळलं, थोरली म्हणाली मी पहिली. दुकानात आवाज चढला. मी त्यांना बाहेर जाऊन भांडा म्हणून सांगणार होतो. महादेवी आतनं आली, पदर मांडीवर घेतला आणि सुईनं एकेक धागा उसवायला लागली. बघता बघता धाग्यांचा ढीग झाला. तो तिनं ओंजळीनं दोन्ही फळ्यांवर सारखा पसरला. बहिणी बघत राहिल्या, मग त्या पण उसवायला लागल्या.

गमतीचीही गिऱ्हाइकं होती. एका म्हाताऱ्यानं जितेपणीच स्वतःचं चित्र करून घेतलं, मेल्यावर पोरं कुठली करायलीत म्हणून. नेलं मात्र नाही. मधूनमधून यायचा, समोर स्टूल घेऊन बसायचा आणि म्हणायचा, केस जरा काळे करा. एका किराणा दुकानदाराला बजावून सांगितलं होतं की उन्हात लावू नको. त्यानं लावलं पश्चिमेच्या दारावर. एप्रिलात फळी पोत्यात गुंडाळून आला आणि हळूच म्हणाला, “अण्णा, आमची आई खाली सरकायलीय.” बघितलं तर हनुवटी गळ्यापर्यंत आलेली. मी त्याच्याशी भांडलो. महादेवीनं त्याला पाणी दिलं आणि तवा पेटवला.

आता ह्या धंद्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट. ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

फ्रेमवर जाळीचं कापड ताणलेलं असतं. फोटोची फिल्म त्यावर ठेवून उजेड दिला की फोटो जाळीवर उमटतो, आणि शाई ओढली की तिथनं खाली उतरतो. पण फ्रेम सरळ मेणावर टेकवता येत नाही, जाळी चिकटते. म्हणून आधी पातळ कागदावर छापायचं आणि तो कागद मेणावर पालथा घालून चमच्यानं घासायचं. शाई मेणाला लागते, मग कागद ओला करून सोलून काढायचा. कागद पालथा पडला म्हणजे तोंड उलटं होतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. म्हणून फिल्म आधीच पालथी लावावी लागते, म्हणजे दोनदा उलटून सुलटं होतं. पत्रिकेत अक्षर असतं, उलटं झालं तर आंधळ्यालाही कळंल. तोंडात अक्षर नसतं. तोंड दोन्हीकडनं तोंडच दिसतं. म्हणून खुणा बघायच्या. पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा डावीकडं, घड्याळ डाव्या हाताला. बाईचा पदर डाव्या खांद्यावर. आणि डोक्यावरनं पदर घेऊन दोन्ही खांदे झाकले असले, तर नाकातली मोरणी. आमच्या भागात साधारण असं, की मराठी घरातल्या बाईची मोरणी डाव्या नाकपुडीला, कन्नड घरातली असली तर उजवीला. गिऱ्हाईक कोणत्या भाषेत बोलतंय त्यावरनं मी फिल्म लावायचो, आणि तरी एकदा विचारून घ्यायचो.

विचारणंही आधीपेक्षा गरजेचं झालं होतं, कारण लोक आता फोनवरचे फोटो आणतात. नातवंडं स्वतःकडं फोन धरून म्हातारीला शेजारी घेतात. काही फोन ते फोटो आरशासारखे उलटे ठेवतात, काही ठेवत नाहीत. बघून सांगता येत नाही.

कमठाण्याचे शरणप्पा असाच फोटो घेऊन आले होते. माझ्याच वयाचे, शेतीवाले, शांत माणूस. बायको जाऊन थोडेच दिवस झाले होते. सोबत दोन्ही मुलं. ते मराठीही बोलले आणि कन्नडही, म्हणून मी विचारलं, मोरणी कोणत्या बाजूला होती? शरणप्पांनी आपल्या नाकाला हात लावला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. मुलांकडं बघितलं. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मी हसलो आणि म्हणलो, “व्हय ओ, संसार केलाव का भाड्यानं ऱ्हायलताव?”

मुलं हसली. शरणप्पा हसले नाहीत. घरी विचारून सांगतो म्हणाले आणि फोटो तिथंच ठेवून गेले.

महादेवी आत तव्याजवळ होती. ते गेल्यावर म्हणली, “दुःखात आलेल्या माणसाला असं बोलतेत का? तुमाला तरी यील का सांगायला?”

“माझा धंदाच हाय तो,” मी म्हणलो. तिच्याकडं बघून म्हणलो असतो तरी भागलं असतं. मी फ्रेम धूत होतो.

शरणप्पांच्या सुनेनं फोनवर कळवलं, उजवीकडं. चित्र झालं, ते घेऊन गेले. आणि ‘भाड्यानं ऱ्हायलताव का’ हे माझं बोलणं मी चार लोकांना हसून सांगितलं.

महादेवी गेली तेव्हा सगळं बायकांनी केलं. न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला. मी जवळ गेलो तेव्हा हळदीकुंकवाखाली तोंड नीट दिसलंच नाही. माती देऊन आलो. तिच्या अंगावरचं काढलेलं एका डबीत घालून माझ्या हातात दिलं. त्यात मोरणीही होती.

मुलगी सुमन उदगीरला दिलेली, ती येऊन राहिली. महादेवीची थोरली बहीण हुमनाबादकडनं आली, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. तेरावा जवळ आला तसं येणारा-जाणारा विचारायला लागला, चित्र झालं का? साऱ्या तालुक्याची केली, घरचं तर झालंच पाहिजे. मीही म्हणत होतो, करायलोय.

हाताशी फोटो एकच होता, नातीनं आमच्या अंगणात फोनवर काढलेला. डोक्यावरनं पदर, दोन्ही खांदे झाकलेले, मागं नुसती भिंत. एका नाकपुडीला मोरणी आणि दुसरीला बारीक काळा ठिपका, तिळासारखा. फिल्म काढून आणली आणि दुकानात उजेडाला धरली. एका बाजूनं बघितली. उलटी करून दुसऱ्या बाजूनं बघितली. दोन्हीकडनं महादेवीच दिसत होती.

फोन फोटो उलटा ठेवतो का, नातीला माहीत नव्हतं. माझ्या नेहमीच्या हिशेबाचाही उपयोग नव्हता, कारण आमचं घर मराठी आणि तिचं माहेर कन्नड. आधार कार्डावर बघितलं, तिथं नाकाच्या जागी नुसता काळोख. आमच्या लग्नात फोटो काढलाच नव्हता. सुमनच्या लग्नाचा अल्बम उदगीरला. तो मागवला असता तर कामून पाहिजे म्हणून तिनं विचारलं असतं.

मग मी डोळे मिटून तिचं तोंड समोर आणायचा प्रयत्न केला. फ्रेमच्या त्या बाजूला ती उभी, ह्या बाजूला मी. मी रबरानं शाई ओढायची, तिनं फ्रेम उचलायची, कागद काढायचा, नवा घालायचा. सारं आयुष्य असे समोरासमोर उभे राहिलो. आणि मला दिसत होते ते तिचे हात. डाव्या अंगठ्यावर राळेचा डाग, उजव्या मनगटावर भाजलेला वण, फ्रेमचा कोपरा धरताना करंगळी कशी बाहेर राहायची, ते सगळं दिसलं. हातावरनं नजर वर न्यायला गेलो की मोरणी एकदा इकडं दिसायची, एकदा तिकडं. दोन्हीकडं खरी वाटायची. कामाच्या वेळी मी फ्रेमचा कोपरा बघत होतो. जेवताना ताट बघत होतो. रस्त्यानं पाट्या बघत होतो.

सुमनला विचारायचं म्हणून दोनदा चुलीजवळ गेलो. एकदा पाणी मागितलं आणि एकदा काडेपेटी.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी शरणप्पा भेटायला आले. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. अंगणात सतरंजी टाकली होती, तिच्यावर बसले. चार मंडळी आणखी होती. सुमन आणि अक्का उंबऱ्याजवळ बसून उद्याच्या स्वयंपाकाचे तांदूळ निवडत होत्या. शरणप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. ह्या दुःखात बोलण्यासारखं काही नसतं हे त्यांना माहीत होतं. मग म्हणाले, “आमच्या घरचं चित्र चांगलं झालंय, अण्णा. रोज बघतो. वहिनींचं झालं का?”

त्यांच्या मनात काही नव्हतं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

आता ह्यांना काय सांगायचं? झालं म्हणावं तर उद्या भिंतीवर दिसलं पाहिजे. आणि उलटं झालं तर महादेवी कायमची उलटी राहणार, माझ्या हातानं, माझ्या घरात. बाकीच्यांना कळलं नसतं कदाचित. अक्काला कळलं असतं. खोटं तोंड भिंतीला लावून त्याच्या पाया पडायचं का, की इथं सगळ्यांसमोर विचारायचं? शरणप्पांना मी मुलांसमोर विचारलं होतं. म्हणलं आपणही आपल्या मुलीसमोरच विचारावं. त्यांच्याही समोर.

“न्हाई झालं,” मी म्हणलो. मग सुमनकडं वळलो. “सुमन, तुझ्या आईची मोरणी कोणत्या बाजूला होती गं?”

तांदळातली तिची बोटं थांबली. मंडळींपैकी कोणीतरी घसा साफ केला. शरणप्पा खाली बघायला लागले. माझी लाज त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची नाही असं ठरवलं असावं. मी हसलो होतो त्यांना.

सुमन म्हणाली, “अप्पा, असं काय विचारताव?”

“मला आठवत न्हाई म्हणून विचारायलोय.”

अक्कानं सूप खाली ठेवलं. “हितं डावीकडं,” ती म्हणाली, “आन् आमच्याकडं आली की उजवीकडं.”

मला काही कळलं नाही. अक्कानं मग सगळं सांगितलं. माहेरी लहानपणीच महादेवीची उजवी नाकपुडी टोचली होती. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा माझी आई म्हणाली, आमच्यात डावीकडं असते. उजवीकडची मोरणी काढायला लावली, डावी बाजू टोचून घेतली आणि ती तिथं घातली. उजवीकडचं भोक बुजू नये म्हणून महादेवीनं त्यात खराट्याची काडी मोडून घातली. वाळली की नवी घालायची. माहेरी निघाली की मोरणी उजवीकडं घालायची आणि काडी डावीकडं. परत येताना पुन्हा बदलायची.

“आमची आई वाट बघत ऱ्हायची,” अक्का म्हणाली. “लेक दारात आली की आधी नाक बघायची. मूगबट्टू, मोरणी ओ, आपल्या बाजूला दिसलं की मग पाणी द्यायची. हितं तुमची आई बघायची. कुणालाच तिनं दुखवलं न्हाई. येश्टीतच बदलायची, दाजी. तुमीच शेजारी बसलेले असताव की.”

व्हय. मीच बसलेला असायचो, खिडकीला. हुमनाबादपर्यंत रस्त्यावरच्या पाट्या बघत.

“म्हणजे तो तीळ…” मी म्हणलो.

“तीळ कुठला,” सुमन म्हणाली. “काडी हाय ती, अप्पा.” आणि तिनं पदर तोंडाला लावला. रडत होती का माझ्यावर चिडली होती, मी विचारलं नाही.

माझी आई जाऊन किती वर्षं झाली. महादेवीची आईही गेली. विचारणारं, बघणारं कोणी राहिलं नव्हतं. तरी ती काडी बदलत राहिली. तिला एकदाही म्हणलो असतो, की तुला पाहिजे तिकडं घाल गं, तर संपलं असतं. म्हणायला आधी दिसावं लागतं.

मंडळी उठली. शरणप्पा सगळ्यांत शेवटी उठले. दारापर्यंत गेले आणि चपला घालताना खाली बघूनच म्हणाले, “बरं झालं विचारलाव. मला घरी जाऊन सुनंला विचाराय लई जड गेलतं.”

मी त्यांची माफी मागायला पाहिजे होती. हात जोडले, तेवढंच जमलं. इथं लिहितो म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचंल. शरणप्पा, मी भाड्यानंच राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तवा पेटवला. त्या दुपारी दोघांनी गाळलेलं मेण तसंच भांड्यात गोठून बसलं होतं, ते वितळवलं. फोटो आमच्या अंगणातला, म्हणून फिल्म लावली ती मोरणी तिच्या डाव्या नाकपुडीला येईल अशी. सुमनला उठवलं आणि फ्रेमच्या पलीकडं उभं केलं. तिला उचलायची सवय नाही, पहिले दोन कागद फिसकटले. ती म्हणाली, अप्पा, तुम्ही माझ्याकडं बघायलाव, शाईकडं बघा. तिसरा कागद नीट आला. दोघांनी दोन-दोन टोकं धरून मेणावर पालथा घातला, घासला, ओला करून सोलला. महादेवी आली. वर मेणाचा पातळ थर दिला आणि गरम वारा मारला. वस्तू काय घालायची म्हणून सुमननं दोन लुगडी आणून ठेवली होती. मी सुई तापवली आणि मेण मऊ होतं तोवर दोन्ही नाकपुड्यांना भोकं पाडली. डावीकडं डबीतली मोरणी बसवली. मग दारामागचा तिचा खराटा घेतला, त्यातली एक काडी मोडली, नखाएवढा तुकडा केला आणि उजवीकडं घातला. येणारा म्हणंल, म्हाताऱ्यानं मेण नीट गाळलं नाही, काडी राहिली. म्हणू दे. चित्र भिंतीला लावलं, आणि जेवणाची माणसं यायच्या आधी, त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसलो.